भुकेल्याला श्रोता करू नका

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाजवळची एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. रुग्णांच्या नातेवाइकांना रस्त्यावर मोफत जेवण वाटणारे एक वयस्कर गृहस्थ रांगेतल्या मुस्लिम बाईला 'जय श्रीराम' म्हणायला सांगत होते. म्हणायचे नसेल तर रांगेतून बाहेर हो, असे बजावत होते. पुष्कळांनी निषेध केला. पण बाजू घेणारेही कमी नव्हते. अन्न त्यांचे, पैसा त्यांचा, मग अटही त्यांचीच. पटत नसेल तिने दुसरीकडे जावे, असा त्यांचा सूर होता. घरातले माणूस कर्करोगाने आत पडले असताना फुटपाथवर दिवस काढणाऱ्या बाईने दुसरीकडे म्हणजे नेमके कुठे जावे, हे त्यांनी सांगितले नाही.

इतकी उघड अट घालणाऱ्याला नावे ठेवायला फारसे धैर्य लागत नाही. माझा वाद आहे तो एका सौम्य, सभ्य आणि म्हणूनच जास्त पसरलेल्या भूमिकेशी. ती अशी: अट नको, सक्ती नको, धर्म पाहून मदत नाकारणे तर नकोच नको. सर्वांना सारखे द्यावे. पण देताना आपल्या श्रद्धेबद्दल चार शब्द सांगितले, पिशवीत एखादी पुस्तिका ठेवली, वाटपाआधी थोडी प्रार्थना केली, तर बिघडले कुठे? ऐकायचे तो ऐकेल, नको असेल तो सोडून देईल. देणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहेच.

ही भूमिका घेणारे सगळ्या धर्मांत आहेत. ख्रिस्ती संस्थांनी तिची पद्धतशीर यंत्रणा उभी केली म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख जास्त येईल, पण माझे म्हणणे टिळा लावून शिधा वाटणाऱ्यालाही आहे आणि टोपी घालून घोंगड्या वाटणाऱ्यालाही. मला ही भूमिका साफ अमान्य आहे. आणि ती का अमान्य आहे, हे तिचे सर्वांत चांगले रूप समोर ठेवूनच सांगायला हवे.

ते रूप म्हणजे 'ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड'. 'समॅरिटन्स पर्स' ही अमेरिकी संस्था १९९३ पासून हा उपक्रम चालवते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली कुटुंबे बुटांच्या खोक्यांत खेळणी, पेन्सिली, वह्या, साबण भरतात आणि ती खोकी गरीब देशांतल्या दोन ते चौदा वर्षांच्या मुलांना पाठवली जातात. आजवर अशी वीस कोटींहून अधिक खोकी गेली आहेत. स्थानिक चर्चमार्फत वाटप होते. खोक्याबरोबर येशूची गोष्ट सांगणारी रंगीत पुस्तिका मिळते, आणि नंतर मुलांना बारा धड्यांच्या वर्गाला बोलावले जाते. संस्था यातले काही लपवत नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. वर्गाला आलेच पाहिजे अशी अटही नाही. खोके भरणाऱ्या कुटुंबांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दूरच्या एका अनोळखी पोराला आनंद व्हावा म्हणून एखादी आजी लोकरीची टोपी विणते, ती खऱ्या मायेनेच विणते.

पण ते खोके पोहोचते त्या घराकडे पाहा. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा नवे कोरे खेळणे पडते. त्याबरोबर आलेली पुस्तिका त्याला त्याच्या आईबापाच्या धर्माहून वेगळे काही सांगते, आणि ज्यांनी खेळणे दिले ते काका पुढच्या आठवड्यात वर्गाला ये म्हणतात. जायचे की नाही हे कोण ठरवणार? बापाने नको म्हटले तर तो खेळण्याच्या, काकांच्या आणि पोराच्या आनंदाच्या आड येणारा ठरतो. घरात धर्माविषयी बोलायचा पहिला हक्क आईबापांचा असतो. गरिबीमुळे तो हिरावून घेण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. त्यातून या संस्थेचे प्रमुख फ्रँकलिन ग्रॅहम यांनी २००१ मध्ये इस्लामला जाहीरपणे दुष्ट धर्म म्हटले होते. एखाद्या मुस्लिम बापाला हे ठाऊक असेल, तर त्या खोक्याकडे त्याने कोणत्या नजरेने पाहावे?

कसोटी उलटी लावून पाहा. नंदुरबारच्या पाड्यावर ख्रिस्ती झालेल्या भिल्ल कुटुंबांच्या मुलांना कोणी दप्तरे वाटली, दप्तरात कृष्णाच्या गोष्टींचे पुस्तक घातले आणि संस्कारवर्गाचा पत्ता दिला, तर तिथले पास्टर त्याला निरुपद्रवी भेट म्हणतील का? अमेरिकेतल्या एखाद्या वादळग्रस्त गावात मशिदीच्या स्वयंसेवकांनी शाळकरी पोरांना खाऊबरोबर कलमा शिकवायला घेतला, तर तिथले आईबाप गप्प बसतील का? स्वतःच्या मुलांबाबत जे चालणार नाही, ते दुसऱ्याच्या गरीब मुलांबाबत चालते, याला माझ्या मते एकच कारण आहे. ती मुले गरीब आहेत.

मुलांचे सोडा, मोठ्या माणसांना तर समजते, असे यावर म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. गरीब माणूस भोळा असतो, एका पत्रकाने तो वाहून जातो, असे मानणे हा त्याचा अपमानच आहे. आपल्याकडे धर्मांतराच्या विरोधात बोलणारे बरेचजण नेमके हेच मानतात. आदिवासी, दलित म्हणजे कोणीही यावे आणि फसवावे अशी माणसे, असे त्यांच्या बोलण्यातून वाहत असते. मला ते मान्य नाही. प्रश्न अकलेचा नाही. प्रश्न त्या घडीला माणूस कुठे उभा आहे याचा आहे.

जानेवारी आणि फेब्रुवारी २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरला भूकंपाचे दोन मोठे धक्के बसले. घरे गेली. तिथे याच 'समॅरिटन्स पर्स'चे लोक पत्रे आणि प्लॅस्टिक वापरून तात्पुरता निवारा कसा उभारायचा हे गावकऱ्यांना दाखवत होते. त्या कामाला अमेरिकी सरकारचा पैसा होता. प्रात्यक्षिकाआधी प्रार्थनासभा होत असल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिली आणि गदारोळ झाला. संस्थेचे म्हणणे, प्रार्थनेला बसण्याची सक्ती कोणावरही नव्हती. नसेलही. पण ज्याचे घर ढिगारा झाले आहे, ज्याची पोरे उघड्यावर झोपत आहेत, तो माणूस सभेतून उठून जाईल आणि सभा संपल्यावर परत येऊन पत्रे मागेल, असे खरेच कोणाला वाटते का? उठून गेल्यावर आपले नाव यादीतून खाली सरकणार नाही, याची हमी त्याला कोण देणार? यादी ज्याच्या हातात आहे त्याला नाराज करू नये, हे गरीब माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. तो ते पोलीस चौकीत, रेशन दुकानात, तलाठ्याच्या कचेरीत शिकून आलेला असतो.

म्हणजे तो हुशार असतो म्हणूनच बसून राहतो. मान डोलावतो, सांगतील तेव्हा डोळे मिटतो, सांगतील ते म्हणतो. बाजारात कोणी पत्रक हातात दिले तर ते टाकून पुढे जाता येते, कारण तिथे मागे काही अडकलेले नसते. मदतीच्या रांगेत सगळेच अडकलेले असते. 'नको' म्हणायची किंमत शून्य असेल तरच 'हो'ला काही अर्थ येतो. रांगेतल्या माणसासाठी ती किंमत शून्य आहे की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचे नसते, आणि त्याला ते ठरवताही येत नाही.

राजकारण्यांच्या बाबतीत आपल्याला हे चटकन कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले होते. पूरग्रस्तांना द्यायच्या गहू-तांदळाच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रे असलेली स्टिकरे दिसली आणि अख्खा महाराष्ट्र संतापला. ते धान्य कमी प्रतीचे होते म्हणून आपण चिडलो नव्हतो. 'मला मत दे' असेही त्या स्टिकरवर लिहिलेले नव्हते. तरीही, छपरावर बसून पाणी ओसरायची वाट पाहिलेल्या माणसाच्या धान्यावर स्वतःचा चेहरा चिकटवणे हे हीन आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्या चेहऱ्याच्या जागी देवाचा, प्रेषिताचा किंवा तारणहाराचा संदेश आला की तेच कृत्य पवित्र कसे होते?

'आमचा संदेश हीच सर्वांत मोठी देणगी आहे', असे श्रद्धावंत यावर म्हणतो. भाकरी उद्या संपेल, आत्म्याचे तारण चिरंतन. मग भाकरी देऊन तारण लपवणे हाच खरा दुष्टपणा. हा युक्तिवाद मनापासून केला जातो हे मी जाणतो. त्याला मी सेक्युलर तत्त्वज्ञानातून उत्तर देणार नाही. त्याच श्रद्धेच्या लोकांनी दिलेले उत्तर जास्त ठाम आहे.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली. जनता बहुतांश कॅथलिक, मदत करणाऱ्या कित्येक संस्था प्रोटेस्टंट. त्यांपैकी काहींनी सूप आणि बायबल एकाच छपराखाली ठेवले. अॅकिल बेटावरच्या एडवर्ड नँगल यांच्या मिशनचे नाव यात नेहमी घेतले जाते. असे प्रकार लोकांच्या आठवणीत आहेत तितके सर्रास नव्हते, असे इतिहासकार सांगतात. तरीही 'सूप घेतले' ही आयर्लंडमध्ये शिवी झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. उपाशी पोरांसाठी ज्या बाईने प्रार्थनेला मान झुकवली तिच्या नातवंडांनाही ती ऐकावी लागली. मिशनचे प्रचारक आपापल्या घरी परतले. डाग त्या कुटुंबांवर राहिला.

त्याच दुष्काळात क्वेकर पंथाच्या लोकांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिनला मदत समिती स्थापन केली. तेही प्रोटेस्टंट परंपरेतलेच, आणि अत्यंत धार्मिक. त्यांनी सुपाच्या कढया चढवल्या, बियाणे वाटले, कोळ्यांची जाळी सोडवून दिली, आणि धर्माचे एक अक्षर त्यात मिसळले नाही. या श्रमांत त्यांचीही काही माणसे दगावली. आयर्लंड आजही त्यांचे नाव कृतज्ञतेने घेते. त्यांना आपली श्रद्धा कमी मोलाची वाटत होती, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनने भोगला तसा तेलुगू मुलखानेही भोगला. ओंगोलला जॉन क्लॉ नावाचे अमेरिकी बाप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैलांच्या खोदाईचे कंत्राट घेतले आणि हजारो भुकेल्यांना काम दिले. त्यात मादिगा जातीचे लोक मोठ्या संख्येने होते. दुष्काळ चालू असेपर्यंत क्लॉ यांनी बाप्तिस्मा देणे थांबवले. लोक मागत होते तरी दिला नाही, कारण हे पोटासाठी येत आहेत की श्रद्धेने, हे त्या दिवसांत कळणे शक्य नाही असे त्यांचे मत होते. मदतकार्य संपले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला. छावणीत त्यांचे प्रचारक मुकादमाचे काम करत आणि विसाव्याच्या वेळी धर्माचे बोलत, त्यामुळे माझ्या कसोटीला क्लॉ पूर्ण उतरत नाहीत. पण ज्याचे अवघे आयुष्य धर्मप्रसारासाठी वाहिलेले होते त्या माणसालाही भाकरी आणि बाप्तिस्मा यांत अंतर ठेवावेसे वाटले. 'थोडे सांगितले तर काय बिघडले' म्हणणाऱ्यांनी हे अंतर क्लॉ यांना का हवे होते याचा विचार करावा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पंडिता रमाबाईंपाशी यावेच लागते. त्यांच्याविषयी चटकन निकाल देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात भटकताना त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले; पुढे ते पुण्याला नेले. तिथे धर्मशिकवण दिली जाणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. यावरून रणे माजली, 'केसरी'ने तोफ डागली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते त्या वादात रमाबाईंवर अन्याय झाला. स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना करणे हा कोणाच्याही घशात संदेश कोंबण्याचा प्रकार नाही. आणि विधवेचे केशवपन निमूटपणे पाहणाऱ्या समाजाने तिला शाळा काढून देणाऱ्या बाईची झडती घ्यावी, याची चीड आजही येते.

केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, मरणाच्या दारातल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या; १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही आणल्या. जात पाहिली नाही. विणकाम, छपाई, शेती शिकवली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली. रमाबाई नसत्या तर त्या मुलींपैकी कित्येकजणी वाटेतच मेल्या असत्या. हे काम एवढे मोठे आहे की त्यापुढे मान लवते. पण मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होते, आणि ज्या मुलीला जगात दुसरे कोणी उरलेले नाही तिला आश्रयदात्या आईचा देव नाकारता येत होता का, हा प्रश्न रमाबाईंच्या थोरवीने पुसला जात नाही. मी तो प्रश्न विचारतो तो त्यांना कमी लेखण्यासाठी नव्हे. एवढ्या प्रामाणिक आणि एवढ्या मायाळू व्यक्तीच्या हातूनही ही गाठ सुटली नाही, तर सामान्य संस्थांनी तिच्याशी खेळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

'तुम्ही तरी कुठे होता तेव्हा?' हा प्रश्न इथे हटकून येतो, आणि तो यायलाच हवा. दुष्काळात मिशनरी पोहोचले, बाकीचे शिवाशीव पाळत घरी बसले, आणि आता आक्षेप घेतात. हे खरे आहे. पण याचे योग्य उत्तर महाराष्ट्रात एकाने दिलेलेही आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्वतः विधवांसाठी आश्रम काढला. त्याला शारदा सदनाची प्रेरणा होती. मिशनऱ्यांवर बंदी घाला, अशी मागणी करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. सुरुवातीला तिथे उच्चवर्णीय विधवांनाच प्रवेश होता, म्हणजे केडगावच्या दारापेक्षा कर्व्यांच्या आश्रमाचे दार अरुंद होते, हेही सांगायला हवे. तरी दिशा बरोबर होती. धर्मांतरविरोधी कायद्यांचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे जमत नाही ते इथेच. १९६७ मध्ये ओरिसाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने असे कायदे केले, नंतर इतर राज्यांनीही केले. त्यांचा रोख धर्म बदलणाऱ्यावर आणि बदलवणाऱ्यावर असतो, आणि त्याचा जाच होतो तो प्रार्थनेला जमलेल्या गरीब माणसांना. देणाऱ्याच्या वागण्याची शिस्त पोलिसांच्या हातात दिली की तिचे हत्यार होते. मला ती शिस्त संस्थांनी स्वतः स्वतःला लावलेली हवी आहे.

धर्म बदललेल्या माणसाची बाजू तर या सगळ्यात कोणी मांडतच नाही. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. त्यांच्या पूर्वजांनी का धर्म बदलला? कित्येकांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, शाळेत मुलांना बसू दिले जात नव्हते, आणि कोणीतरी पहिल्यांदा त्यांना माणूस म्हणून जवळ बसवले होते. कित्येकांना ती शिकवण खरोखर पटली होती. पण धान्याच्या पोत्याशेजारीच बाप्तिस्म्याचे पाणी ठेवले गेले की त्या श्रद्धेची खातरी जगाला पटवून देण्याची सोयच उरत नाही. संदेश आणि शिधा एकत्र बांधणाऱ्याने आपल्याच धर्मबांधवांच्या निष्ठेवर कायमचा संशय लादलेला असतो. प्रसारकाला आपल्या धर्माची एवढी कळकळ असेल तर त्याने या एका कारणासाठी तरी पुस्तिका पिशवीतून काढावी.

मग धार्मिक माणसाने तोंड शिवून मदत करायची का? अजिबात नाही. स्वयंसेवकाच्या गळ्यात क्रूस असू दे, डोक्यावर टोपी असू दे, कपाळावर टिळा असू दे. संस्थेचे नाव संताचे असू दे. 'तुम्ही हे का करता?' असे कोणी आपणहून विचारले तर मोकळेपणी सांगा, देवासाठी करतो. रविवारी चर्चमध्ये, शुक्रवारी मशिदीत, एकादशीला मंदिरात हवे ते बोला. ज्याला यायचे तो पाय घेऊन येईल. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात डोके झाकून पंगतीला बसतात, तो त्या घराचा रिवाज आहे, आणि कीर्तन ऐकल्याशिवाय ताट वाढणार नाही असे तिथे कोणी म्हणत नाही. गाडगेबाबांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि ते रात्र रात्र कीर्तनात सांगत. कीर्तनाला गाव लोटे ते ऐकण्यासाठी. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात दूरदूरहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. कीर्तन आणि निवारा यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढेच मी मागतो. वाटपाच्या जागी, वाटपाच्या वेळी, वाटप करणाऱ्या हातांनी धर्म सांगू नये. पाकिटात काही घालू नये. आईबापांच्या संमतीशिवाय मुलांना कुठल्याही वर्गाला बोलावू नये. रुग्णालयात डॉक्टर येईपर्यंत बाकड्यावर बसलेल्यांना प्रवचन देऊ नये.

हे मागणे धर्मद्वेष्ट्यांचे नाही. आपत्कालीन मदतीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९९४ मध्ये ठरली. कुठलीही धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे रेटण्यासाठी मदत वापरायची नाही, हे तिचे तिसरे कलम. ती मांडणाऱ्या आठ संस्थांमध्ये कॅरिटास, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या. निम्म्या संस्था चर्चच्या. त्याआधी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चच्याच लोकांनी नेमलेल्या, हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन, जपानमधली मिशने पाहून अहवाल दिला, की शाळा आणि दवाखाने थेट धर्मप्रचाराच्या जबाबदारीतून मोकळे करावेत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या पहिल्याच विश्वपत्रात तेच सांगितले. प्रेमाने केलेली सेवा हे दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचे साधन होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. या पोपना कोणी मवाळ म्हटलेले नाही.

एका पुस्तिकेने कोणाचे काय नुकसान होते, असे अजूनही विचारणाऱ्यांनी अफगाणिस्तानकडे पाहावे. ऑगस्ट २००१ मध्ये तालिबानने 'शेल्टर नाऊ' या संस्थेच्या आठ परदेशी आणि सोळा अफगाण कर्मचाऱ्यांना धर्मप्रचाराच्या आरोपावरून पकडले. तालिबानचा कायदा क्रूर होता, त्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्या संशयाची झळ तेवढ्यावर थांबली नाही. महिनाअखेर तालिबानने आणखी दोन संस्था बंद केल्या. त्यांतली एक, 'इंटरनॅशनल असिस्टन्स मिशन', १९६६ पासून त्या देशात काम करत होती आणि तिची नेत्ररुग्णालये होती. तालिबानची तेव्हाची सत्ता गेल्यावर ती संस्था परतली. ऑगस्ट २०१० मध्ये तिचे वैद्यकीय पथक नुरिस्तानच्या डोंगरी गावांत डोळे तपासून परत येत असताना बदख्शानमध्ये त्यातल्या दहाजणांना गोळ्या घातल्या गेल्या. पथकाचे प्रमुख टॉम लिटल तीस वर्षांहून अधिक काळ अफगाणांच्या डोळ्यांवर उपचार करत आले होते. हे लोक धर्मप्रचार करत होते, असे तालिबानने सांगितले. आम्ही धर्मप्रचार करत नाही, असे संस्थेने सांगितले. खुनाचा दोष खुन्यांचाच, त्यात वाटेकरी नाहीत. पण मदत करायला आलेला प्रत्येक परका माणूस पिशवीत आपला देव लपवून आणतो, हा समज त्या डोंगरांत कोणीतरी, कुठेतरी वाटलेल्या पुस्तिकांनीही पोसलेला आहे. पुस्तिका वाटणारे बहुतेकदा सुखरूप घरी पोहोचतात. त्यांच्या मागून औषधे घेऊन जाणाऱ्या डॉक्टराला, आणि त्याची वाट पाहणाऱ्या मोतीबिंदूच्या म्हाताऱ्याला, आपण काय उत्तर देणार आहोत हे त्यांनी पुढचे खोके भरण्याआधी ठरवावे.